कार्ल्याच्या खांबावरचे यवन

गेल्या वर्षी वर्गात दोन मुलांचे भांडण जुंपले. आमच्या संत तुकाराम नगरच्या आसपास कारखान्यांमुळे नाना प्रांतांतली बिऱ्हाडे आली आहेत. अशाच एका घरच्या मुलाला दुसरा म्हणाला, ‘तू बाहेरचा!’ मी कोणाला शिक्षा केली नाही. रविवारी सगळा वर्ग लोकलने मळवलीला नेला आणि कार्ल्याचा डोंगर चढवला.

एकवीरा आईचे दर्शन घेऊन आम्ही चैत्यगृहात शिरलो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरलेले हे १२४ फूट लांबीचे दालन. छताला लाकडी कमानी आहेत. दगडाला त्यांचा आधार लागत नाही. पण लाकडी घरे बांधणाऱ्या हातांना जुने वळण सोडवले नाही. माणूस नव्या कामाला लागला तरी जुने असे बरोबर घेऊन येतो.

खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. हे लेणे अनेकांनी मिळून उभे केले. त्यांत वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल शेठ आहे, सोपाऱ्याचा भिक्षू आहे आणि धेनुकाकटचे यवनही आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक. त्यांतल्या एकाचे नाव सिहधय. नाव प्राकृत, दान बुद्धाच्या लेण्याला, आणि ओळख मात्र ‘यवन’! जुन्नरच्या लेण्यांतही इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दिल्याचा लेख आहे.

त्या काळी मोसमी वाऱ्यांवर पश्चिमेची जहाजे इकडे येत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात सोपारा व कल्याण यांचा उल्लेख आहे. तेथून माल घाट चढून देशावर येई. या व्यापारापायी दरसाल ५ कोटी सेस्टर्स भारताच्या पदरात पडतात, अशी तक्रार रोमच्या प्लिनीने लिहून ठेवली. त्याने हिशेब मांडला तो नाण्यांचा; कार्ल्याचे खांब त्याच्या जमाखर्चात कोठून येणार?

दोन संस्कृतींच्या सगळ्याच भेटी अशा गोड नसतात, हेही मुलांना सांगितले. पुढे याच समुद्रावरून तोफाही आल्या.

त्या भांडखोर मुलाने खांबाला हात लावून विचारले, ‘सर, मग हा खांब आपला की बाहेरच्याचा?’

मी म्हणालो, ‘बाळ, दोन हजार वर्षांत “यवन” हा शब्द कोणी खरवडून टाकला नाही आणि खांबही कोणी परका मानला नाही. आता तूच सांग.’

उतरताना पाहिले, तर त्याने आपल्या डब्यातली चकली त्या दुसऱ्या मुलापुढे धरली होती.