कापूसकोंड्याचं खानदान

कापूसकोंड्याच्या गोष्टीला लेखक नाही, नायक नाही आणि खरं सांगायचं तर गोष्टही नाही. तरीही मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांना ती पाठ असते. आई विचारते, ही गोष्ट सांगू का? पोर म्हणतं, हो. आई त्या 'हो'लाच धरते आणि पुन्हा तोच प्रश्न विचारते. पोर म्हणतं, सांग ना. मग 'सांग ना'ला धरून तोच प्रश्न. पोर चिडलं, रडलं, गप्प बसलं तरी सुटका नाही, जे काही करेल त्यालाच धरून प्रश्न परत हजर. आमच्या धंद्यात याला इन्फिनिट लूप म्हणतात. इनपुट काहीही द्या, आउटपुट ठरलेलं! फरक एवढाच की आमच्याकडे मशीन हँग होतं, इथे पोर.

हा लूप का जन्माला आला असेल हे सांगायला संशोधक नको. दिवसभर राबलेल्या बाईचे डोळे मिटताहेत आणि शेजारी कोणीतरी 'गोष्ट सांग, गोष्ट सांग' करतंय. गोष्ट रचायला डोकं लागतं. कापूसकोंड्याला फक्त तोंड लागतं.

मी याच्या मागे लागलो त्याचं कारणही हेच. घरात पाच वर्षांची मुलगी, नवरा-बायको दोघंही हापिसवाले, आणि रात्री साडेनऊला जेव्हा गोष्टीची मागणी येते तेव्हा आमच्या दोघांच्या डोक्यात सर्व्हर रूममधला पंखा फिरल्यासारखा नुसता आवाज असतो. अशा वेळी आपल्या आधीचे लोक काय करत होते हे शोधावंसं वाटलं. चार-पाच शनिवार-रविवार त्यात गेले, आणि मजेशीर माल हाती लागला.

पहिली गोष्ट म्हणजे कापूसकोंड्या एकटा नाही. त्याचं खानदान जगभर पसरलंय. रशियात पांढऱ्या गोऱ्ह्याची गोष्ट आहे. सांगू का पांढऱ्या गोऱ्ह्याची गोष्ट? सांग. तू म्हणतोस सांग, मी म्हणते सांग, मग सांगू का... पुढचं तुम्हाला येतंच. अलेक्सांद्र अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ मध्ये रशियन लोककथांचा जो प्रचंड संग्रह छापला, त्यात या प्रकाराला शेवटी मानाची जागा आहे. रशियन भाषेत या गोष्टींना स्वतंत्र नाव आहे, त्याचा अर्थ साधारण 'पिडणाऱ्या गोष्टी'. पिडतंय कोण, मूल की आई, हे त्या नावात मोघम ठेवलंय. आणि मजा बघा, आपण जसं एखाद्या न संपणाऱ्या सरकारी चौकशीला 'कापूसकोंड्याची गोष्ट' म्हणतो, तसंच रशियन माणूस 'पांढऱ्या गोऱ्ह्याची गोष्ट' म्हणतो.

व्हेनिसमध्ये हेच काम 'सिओर इंतेंतो' नावाचे गृहस्थ करतात. त्यांची गोष्ट फार वेळ चालते, कधीच उलगडत नाही, आणि तरी सांगू का, असं विचारलं जातं. इंग्लंडमध्ये 'जॅक अ नोरी' आहे. तो जरा दयाळू, गोल फिरवत नाही. गोष्ट सांगतो म्हणतो, मग त्याच्या भावाची सांगतो म्हणतो, आणि संपली म्हणतो. पुढे १९६५ मध्ये बीबीसीने मुलांना गोष्टी वाचून दाखवणारा कार्यक्रम सुरू केला, त्याचं नाव ठेवलं 'जॅकनोरी'. गोष्ट न सांगण्याच्या युक्तीचं नाव घेऊन तो कार्यक्रम १९९६ पर्यंत रोज गोष्टी सांगत होता!

आता रशियातला गोऱ्हा नर्मदा ओलांडून इकडे आला की आपला कापूसकोंड्या तिकडे गेला? माझं मत विचाराल तर कोणीच कुठे गेलं नाही. सगळ्या गोष्टींना प्रवास करावा लागत नाही. रात्र, अंथरूण, दमलेलं माणूस आणि न दमलेलं मूल एवढं साहित्य असलं की हा पदार्थ कुठेही होतो.

लोककथांचे अभ्यासक हे प्रकार फार गंभीरपणे घेतात. फिनलंडच्या आन्ती आर्ने यांनी १९१० मध्ये लोककथांना क्रमांक द्यायला सुरुवात केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ते काम वाढवलं, आणि २००४ मध्ये जर्मनीच्या हान्स-योर्ग उथर यांनी त्याची नवी आवृत्ती काढली. त्यात २३०० हा क्रमांक न संपणाऱ्या गोष्टींचा. कोठारात धान्य आहे, चिमणी येते, एक दाणा घेऊन भुर्र उडते, मग दुसरी चिमणी येते... ही तीच. आपल्याकडे ती अकबर-बिरबलाच्या खात्यावरही टाकलेली आहे. बादशहाला न संपणारी गोष्ट हवी होती म्हणे. मला तो बादशहा चार वर्षांचा असावा अशी दाट शंका आहे :)

ग्रिम बंधूंनीसुद्धा हा हात मारलाय. त्यांच्या संग्रहात 'सोन्याची किल्ली' नावाची एक इवलीशी गोष्ट आहे. बर्फात लाकडं गोळा करणाऱ्या गरीब मुलाला किल्ली सापडते, मग लोखंडी पेटी सापडते, तो किल्ली फिरवतो, आणि आता तो पेटी उघडेपर्यंत आपल्याला थांबावं लागेल. संपली. १८१५ मध्ये त्यांनी ही दुसऱ्या खंडाच्या शेवटी ठेवली आणि पुढच्या मोठ्या आवृत्त्यांतही शेवटचं पान तिचंच राहिलं. विद्वानांनी तिचे बरेच गहन अर्थ लावलेत. मला त्यात 'आता झोप, उद्या बघू' एवढं स्पष्ट ऐकू येतं.

हे झाले टाळायचे मार्ग. हिंदी पट्ट्यात तर दिवसाचीही सोय आहे. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं तिकडे पोरांना सांगतात. म्हणजे दिवसभर मामाच्या जिवावर सुट्टी!

पण सगळ्यात हुशार डिझाइन मला आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीचं वाटतं. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिऊच्या मेणाच्या घराचं दार ठोठावतो, आणि ती आतून थांब म्हणते. बाळाला अंघोळ घालायची आहे, पावडर-तीट लावायची आहे, भरवायचं आहे, निजवायचं आहे. ही कारणं किती, याला काही नियम नाही. सांगणाऱ्यात दम असेल तर दहा, नसेल तर तीन. म्हणजे लूप आहे, पण किती वेळा फिरवायचा तो आकडा बाहेरून द्यायचा. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीचंही तेच, वाटेत वाघ-कोल्हा-अस्वल किती घालायचे ते आपल्या हातात. आणि चिऊ करते काय तर नेमकी तीच कामं, जी गोष्ट सांगणाऱ्या बाईने तासाभरापूर्वी उरकलेली असतात. तिला काही सुचत नसणार, म्हणून तिने समोर दिसलं ते गोष्टीत घातलं. काऊ मात्र तोवर दाराबाहेर भिजत उभा. (लहानपणी मला चिऊ दुष्ट वाटायची. आता अजिबात वाटत नाही.)

आता दुसरा प्रकार. खरोखर नवी गोष्ट रचायची, तीही दमलेलं असताना. यात एक गोची अशी की दमलेला माणूस काय बोलला ते विसरतो, आणि ऐकणारं मूल विसरत नाही. या एका गोचीतून विसाव्या शतकातली बरीच पुस्तकं निघाली आहेत.

माझं आवडतं उदाहरण विल्बर्ट ऑड्री यांचं. हे बर्मिंगहॅमजवळच्या किंग्ज नॉर्टनच्या चर्चमध्ये पाद्री होते. दुसरं महायुद्ध चालू, आणि दोन वर्षांच्या क्रिस्टोफरला गोवर झाला. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे गोवर आलेल्या मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवायचे. ना खेळ, ना चित्रं. बापाने शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनांची गोष्ट सुरू केली. एक इंजिन उदास का, तर ते म्हातारं झालंय आणि बरेच दिवस त्याला कोणी बाहेर काढलेलं नाही. आजारी पोराला ही गोष्ट परत हवी, आणि परत, आणि परत. प्रत्येक वेळी बापाच्या सांगण्यात काहीतरी बदलायचं आणि अंधारातून हरकत यायची, मागच्या वेळी असं नव्हतं! शेवटी त्यांनी सुटका म्हणून गोष्ट लिहून ठेवली. युद्धामुळे कागदाची टंचाई, म्हणून जुन्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. बायकोने, मार्गारेटने, पाठ सोडली नाही म्हणून ते कागद प्रकाशकाकडे गेले. १९४५ मध्ये 'द थ्री रेल्वे इंजिन्स' निघालं. नंतर मुलासाठी लाकडाचं एक छोटं इंजिन बनवलं, त्याच्या गोष्टी १९४६ मध्ये आल्या. त्या इंजिनाचं नाव थॉमस.

पुढचा भाग तर कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला हसवेल. पुस्तकं खपायला लागली आणि देशभरातून पोरांची पत्रं यायला लागली. या पुस्तकात असं आहे, त्या पुस्तकात तसं कसं? म्हणजे एका क्रिस्टोफरचे हजार झाले. ऑड्रींनी मग आइल ऑफ मॅन आणि इंग्लंड यांच्यामध्ये सोडोर नावाचं एक बेटच बसवलं, त्याचे नकाशे काढले, रेल्वेमार्ग आखले, भावाच्या मदतीने त्याचा इतिहास रचला. १९८७ मध्ये त्या दोघांनी या नसलेल्या बेटावर एक जाडजूड माहितीचं पुस्तकही छापलं. आधी कोड, मग बग, मग चाळीस वर्षांनी डॉक्युमेंटेशन. आमच्या कंपन्यांपेक्षा रेकॉर्ड बरंच म्हणायचं!

ऑक्सफर्डमध्ये टोल्किन यांच्या घरीही हाच तमाशा. प्रोफेसरसाहेब जास्तीच्या पैशांसाठी सुट्टीत परीक्षेचे पेपर तपासायचे, आणि अशाच एका कंटाळवाण्या दिवशी कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिकेवर त्यांनी 'द हॉबिट'चं पहिलं वाक्य खरडलं. मुलांना ती गोष्ट सांगताना चार-पाच वर्षांच्या क्रिस्टोफरने (हाही क्रिस्टोफरच!) अडवलं, की मागच्या वेळी दार निळं होतं, आज हिरवं कसं? बाप पुटपुटत उठला आणि जाऊन टिपून आला. पुस्तक १९३७ मध्ये निघालं. वडिलांच्या पश्चात त्यांचे सगळे कागद लावून छापायचं काम याच मुलाने जन्मभर केलं. व्हर्जन कंट्रोल लहानपणीच बसवलेलं होतं.

स्टॉकहोममधली मागणी जरा वेगळी. १९४१ मध्ये आजारी असलेल्या सात वर्षांच्या कारीनने आईला सांगितलं, मला पिप्पी लाँगस्ट्रंपची गोष्ट सांग. हे नाव तिने त्याच क्षणी बनवलं होतं. आई तेव्हा युद्धकाळातली पत्रं तपासायच्या सरकारी नोकरीत. कोण ही पिप्पी, असं तिने विचारलंही नाही, नाव विचित्र म्हणून मुलगी विचित्र, एवढ्यावर सुरुवात केली. गोष्ट तीन वर्षं तोंडीच राहिली. १९४४ मध्ये बर्फावर घसरून पाय मुरगळला, अंथरुणात पडून राहावं लागलं, तेव्हा कुठे आस्ट्रिड लिंडग्रेन यांना ती लिहायला वेळ मिळाला. एका मोठ्या प्रकाशकाने नाकारलेली ती वही दुसऱ्याने १९४५ मध्ये छापली. आईला सलग बसायला मिळावं म्हणून पाय मुरगळावा लागतो, यावर मी काही बोलत नाही, घरात शांतता हवी आहे.

आणि सेसिल द ब्रुनॉफ. १९३० मध्ये पॅरिसजवळ या बाईंनी आपल्या दोन लहान मुलांना झोपताना एका हत्तीच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. शिकारी त्याच्या आईला मारतो, पिल्लू पळून शहरात येतं. मुलांनी ती वडिलांना जाऊन सांगितली. वडील चित्रकार. त्यांनी त्याचं पुस्तक केलं, १९३१ मध्ये 'बाबार' आला आणि जगभर गेला. मुखपृष्ठावर आईचंही नाव घालायचं ठरलं होतं, ते तिने स्वतःच काढायला लावलं. मला हे सारखं आठवत राहतं. ऑड्रींचं नाव आहे, टोल्किन यांचं आहे, पण बाप गोष्ट सांगतो तेव्हा पुस्तक होतं आणि आई सांगते तेव्हा कापूसकोंड्या होतो, असं काहीसं गणित दिसतं. लिंडग्रेनबाई अपवाद.

आपल्या इकडचा एक अपवाद मात्र शोधताना सापडला. १८६५-६६ च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रीअर दख्खनच्या दौऱ्यावर होते, बरोबर मुलगी मेरी. तंबूतल्या लांबलचक दिवसांत कंटाळून मेरीने आपल्या आयाला गोष्ट सांगायला लावलं. ही आया म्हणजे ॲना लिबेराता डिसूझा. तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी एकामागून एक सांगितल्या, मेरीने टिपून घेतल्या, आणि १८६८ मध्ये लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक निघालं. वर नाव अर्थातच मेरीचं. पण आत एक अख्खं प्रकरण ॲनाचं आहे, तिच्याच तोंडून, तिच्या आयुष्याबद्दल. त्यात ती आजीबद्दल बोलते, मुलांबद्दल बोलते, आणि पूर्वीच्या मानाने आता सगळं किती महाग झालंय याबद्दल बोलते.