धाब्याचे घर
वाशीमसह वऱ्हाड-मराठवाड्याच्या उष्ण, कोरड्या पट्ट्यातील मातीचे सपाट छपराचे पारंपरिक घर. मराठवाड्यात यालाच माळवद म्हणतात. भिंतीला पांढरीची (गावठाणातली पांढरी) माती वापरतात. शेतातली काळी माती फुगते आणि तडकते, म्हणून ती टाळतात. छपराला लाकडी सरे, त्यांवर किलचण (लाकडाच्या लहान ढलप्या), वर कडुलिंबाचा पाला किंवा पळाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) आणि शेवटी मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती पसरून चोपतात. या कामात हयगय झाली की घर गळलेच.

दीड-दोन फूट जाडीची भिंत दुपारची उष्णता शोषते व ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. तोवर माणसे धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, निजलेली असतात. झरोके लहान, तर छपरातील साण्यातून (उघड्या भोकातून) उजेड येतो, गरम हवा निघून जाते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत शिरले की फरक लगेच कळतो.

मात्र वजनदार छप्पर भूकंपात घातक ठरते. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात बहुतेक बळी दगडमातीच्या घरांखालीच गेले. मातीचे प्रत्येक घर मात्र धाब्याचे नसते: सेवाग्रामच्या बापू कुटीत मातीच्या भिंती असल्या तरी छप्पर उतरते, कौलारू आहे.