सांधा कोणाच्या मालकीचा?

मुरगाव बंदरातून निघालेला लोहमार्ग १८८८ साली ब्रिटिश हद्दीस जाऊन भिडला, तेव्हा गोव्यावर राज्य पोर्तुगिजांचे होते आणि घाटापलीकडे इंग्रजांचे. झेंडे दोन, कायदे दोन. परंतु रुळांमधील अंतर मात्र दोन्हीकडे एकच, एक मीटर. म्हणूनच आगगाडीचे डबे सरहद्द ओलांडू शकले. पुढे १९९० नंतरच्या दशकात कोकण रेल्वे रुंद मापाने आली, आणि ह्या जुन्या मार्गाचेही रूळ काढून नव्या मापाने बसवावे लागले. वेगवेगळ्या हातांनी घडविलेल्या वस्तू एकत्र नांदावयाच्या असतील, तर माप आधी ठरावे लागते. ही गोष्ट जितकी आगगाडीची, तितकीच आज वाळपईतील एखाद्या घरी खेळांसाठी सुटे भाग आणून जोडल्या जाणाऱ्या संगणकाचीही आहे.

मोठ्या संगणकांच्या काळी यंत्र, त्याचे भाग आणि त्याची दुरुस्ती ही बहुधा एकाच कंपनीच्या हाती असत. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, तेव्हा ही चाल मोडली. काम लवकर व्हावे म्हणून कंपनीने प्रोसेसर इंटेलचा घेतला, मूळ कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, आत जादा कार्डे बसविण्यासाठी पाच खाचा ठेवल्या, आणि विद्युतमंडलांचे आराखडेही पुस्तकरूपाने छापले. स्वतःची अशी एकच किल्ली तिने राखली: यंत्र जागे करणारी ‘बायोस’ नावाची आज्ञावली.

ती नकलून घेणे कायद्याने शक्य नव्हते. तेव्हा टेक्सासमधील कॉम्पॅक कंपनीने एका गटाकडून त्या आज्ञावलीच्या वर्तनाचा अभ्यास करविला आणि मूळ लेखन न पाहिलेल्या दुसऱ्या गटाकडून नवी आज्ञावली लिहविली. नोव्हेंबर १९८२ मध्ये तिचा जुळता संगणक जाहीर झाला. १९८७ साली आयबीएमने नव्या यंत्रांत निराळी, हक्क राखून ठेवलेली खाच आणली; परंतु पुढच्याच वर्षी नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपले वेगळे माप पुढे केले. सांधा आता त्याच्या जनकाच्याही मुठीत राहिला नव्हता. १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ हे माप प्रसिद्ध केले. मदरबोर्डाची लांबीरुंदी, स्क्रूंची भोके, एसएमपीएसची जोडणी ही सारी त्यात ठरली. कॅबिनेट एकाचे, बोर्ड दुसऱ्याचे, हे त्यामुळे सुकर झाले.

भारतात नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने संगणकविषयक नवे धोरण जाहीर केले आणि आयातीची वाट सैल झाली. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावर, सुट्या भागांचा बाजार भरभराटीस आला आणि ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला. गोव्यात ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ ह्या उपक्रमाने परदेशी वापरून झालेले संगणक शाळांसाठी मिळविले. अशा जुन्या यंत्राचा एखादा भाग निकामी झाला तर दुसऱ्या यंत्राचा लावता येतो, ही सोय त्याच सार्वजनिक मापांची देणगी होय.

मात्र खाचेत बसले म्हणजे जुळले, असे समजू नये. डीडीआर४ आणि डीडीआर५ ह्या दोन्ही जातींच्या रॅमला २८८ टोके असतात. पण मधली खाच निरनिराळ्या जागी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तेथे निदान अडथळा दिसतो. २०१७ साली आलेले इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर तर पूर्वीच्याच ११५१ टोकांच्या सॉकेटात बसत, परंतु आधीच्या पिढीच्या मदरबोर्डांवर चालत नसत. एएमडीने २०१६ साली आणलेले एएम४ सॉकेट अनेक वर्षे टिकले. तरी नव्या प्रोसेसरसाठी जुन्या बोर्डावरील बायोस आधी अद्ययावत करावे लागे. म्हणून जोडणाऱ्याने प्रथम प्रोसेसर ठरवावा, त्याला चालणाऱ्या बोर्डांची निर्मात्याने दिलेली यादी पाहावी, बोर्डावरून रॅमची जात ठरवावी, ग्राफिक्स कार्डाची लांबी कॅबिनेटशी ताडावी, आणि सर्वांच्या विजेची बेरीज करून काहीशा अधिक क्षमतेचा एसएमपीएस घ्यावा.

आज अनेक लॅपटॉपांत रॅम व प्रोसेसर बोर्डालाच डाखलेले असतात. यंत्र त्यामुळे सडपातळ होते. पण एक भाग गेला की सारा बोर्डच बदलण्याची पाळी येते. शहरात हे खर्चाचे ठरते. बाजारापासून दूर असलेल्या गावी ते यंत्र बंद पडण्यासारखेच असते. सत्तरीच्या पावसाळ्यात विजेच्या धक्क्याने घरी जोडलेल्या संगणकाचा एसएमपीएस जळाला आणि बाकीचे भाग शाबूत राहिले, तर वाळपईच्या मुलाला पणजीहून किंवा म्हापशाहून कोणत्याही कंपनीचा, त्याच मापाचा व पुरेशा क्षमतेचा दुसरा आणून चार स्क्रूंनी बसविता येतो. ते माप कोणा एकाने लपवून ठेवले नाही, म्हणूनच हे त्याच्या हाती आहे.