गोल्ड विंग आणि रॅम्पचे आठ फूट

ऑक्टोबर १९७४. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रदर्शनात होंडाने गोल्ड विंग जीएल १००० पहिल्यांदा मांडली. आज आपण गोल्ड विंग म्हटल्यावर जी सोफ्यासारखी गाडी डोळ्यांपुढे आणतो तशी ती अजिबात नव्हती. वारा अडवणारी काच नाही, सामानाच्या पेट्या नाहीत. ९९९ सीसीचं, आडव्या चार सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि चेनच्या जागी शाफ्ट. कोरडं वजन सुमारे २६५ किलो.

चेन नाही म्हणजे ती ताणायची कटकट नाही, त्यामुळे अमेरिकन लोक तिच्यावरून देश पालथा घालू लागले. क्रेग व्हेटरची ‘विंडजॅमर’ फेअरिंग पुढे बसली, मागे पेट्या लटकल्या. १९८०मध्ये होंडानेच हे सगळं लावून गाडी विकायला काढली. त्याच वर्षी गोल्ड विंग ओहायोतल्या मेरीसव्हिलला बनू लागली. मी सध्या प्रोजेक्टसाठी कोलंबसला राहतो, तिथून हे गाव पाऊण तासावर.

मग १९८८ची जीएल १५०० आली. सहा सिलिंडर, कोरडं वजन ३६० किलोच्या घरात. आणि रिव्हर्स! स्टार्टर मोटरच गाडी मागे ढकलायची. मोटारसायकलला रिव्हर्स हे वाचून मला आधी हसू आलं. पण माझ्या मते त्या एका सोयीत होंडाने मान्य करून टाकलं होतं, की ही गाडी आता माणसाच्या पायांनी हलवायची राहिलेली नाही.

पायांनी हलत नाही ती ट्रेलरवर कशी चढवायची?

आणि मुळात चढवायचीच कशाला, हेही विचारा. साउथ डकोटातल्या स्टर्जिस गावात १९३८पासून ऑगस्टमध्ये मोटारसायकलींचा मेळा भरतो. लाखो लोक येतात, आणि त्यांतले बरेच जण गाडी ट्रेलरवर घालून आणतात. त्यांची यथेच्छ टिंगल होते. अशा गाडीला ‘ट्रेलर क्वीन’ म्हणतात. (आपल्याकडे पुण्याहून लडाखला निघालेले लोक टाकीतलं पेट्रोल काढून बाइक रेल्वे पार्सलने पुढे पाठवतात, त्यांना कुणी राणी म्हणत नाही.)

भाड्याने मिळणारा साधा ट्रेलर हा घरसामानासाठी जन्मलेला प्राणी आहे. १९४५मध्ये सॅम आणि ॲना मेरी शोएन या जोडप्याला एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडता येईल असा ट्रेलर भाड्याने मिळेना, म्हणून त्यांनी यू-हॉल सुरू केली. पलंग, कपाटं वाहायला तो उत्तम. पण कपाट चार माणसं उचलून आत ठेवतात. गोल्ड विंग चढवायची तर ती दोन चाकांवर तोलत न्यावी लागते, आणि कलली की संपलं.

माझा शेजारी ७१ वर्षांचा आहे. एक गुडघा बदललेला. त्याच्याकडे २०१८ची गोल्ड विंग टूर आहे, पेट्रोलसकट ३७९ किलो. स्टर्जिस इथून दोन हजार किलोमीटरांच्या आसपास. तेवढं चालवत जाणं त्याला आता जमत नाही, पण तिथल्या डोंगरांत चार दिवस हिंडणं जमतं. ट्रेलर नीट मिळाला तर गाडी राहील, नाहीतर विकायची, असं घरात ठरलंय.

त्याने बाजारातले ट्रेलर बघायला मला सोबत नेलं, ‘तू इंजिनिअर आहेस ना’ म्हणून. मी कोड लिहितो, पण हे गणित शाळेतलंच. साध्या ट्रेलरची फळी जमिनीपासून ६० सेंटिमीटर आणि रॅम्प आठ फूट, म्हणजे साधारण २४० सेंटिमीटर धरा. चढ एकास चार. वजनाचा चौथा हिस्सा, म्हणजे ९५ किलो, उताराकडे ओढतो. इंजिन ते ओढ सहज पेलेल. पण अरुंद रॅम्पच्या मधोमध गाडी थांबली, तर पाय टेकवायला खाली जमीनच नाही! वर पोचताना आणखी एक भानगड: गाडी लांब आणि पोट खाली, त्यामुळे रॅम्पच्या कडेवर पोट घासतं.

दुसरा प्रकार, फळी खाली उतरणारा. चाकं तिथेच राहतात आणि अख्खी फळी हायड्रॉलिकने जमिनीपर्यंत येते. कडेची उंची जेमतेम काही सेंटिमीटर. किंमत मात्र साध्यापेक्षा कितीतरी जास्त. झुकणाऱ्या फळीचा प्रकार मधला, पण चढ तिथेही असतोच. बंदिस्त ट्रेलर पाऊस आणि चोर दोन्ही अडवतो, पण वारा खातो. ओढणाऱ्या गाडीचा जीव जातो.

पुढचं चाक अडकवायचा चिमटा कुठे बसवलाय, हेही मी मोजायला लावलं. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर यायला हवा. बाइक मागे सरकली की हा भार कमी होतो आणि हायवेवर ट्रेलर डावी-उजवी शेपूट हलवू लागतो. पट्टे चार, पुढचा सस्पेन्शन थोडा दाबून बांधलेले.

विक्रेता म्हणाला, साधा घ्या, रॅम्पवर ढकलायला दोन पोरं बोलवा. शेजाऱ्याने विचारलं, ‘आणि स्टर्जिसहून परत निघताना पोरं कुठून आणू?’

त्याने उतरणाऱ्या फळीचा ट्रेलर घेतला. सेकंडहँड, एका टायरला चिरा पडलेल्या. टायर या शनिवारी बदलायचाय.