तोल, शाळापूर्व वयातील

उभे राहताना, चालताना, उडी मारताना शरीराचा भार पावलांवर सावरून धरण्याची क्षमता. जागच्या जागी लागतो तो स्थिर तोल. चालता-धावता लागतो तो गतिमान. अंतर्कर्ण, डोळे आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा मेळ लहान मेंदू घालतो. लहान मुलांची भिस्त डोळ्यांवर अधिक असते. डोळे मिटायला लावले की तीन-चार वर्षांचे मूल लगेच डगमगते. तिसऱ्या वर्षी मूल एका पायावर क्षणभर उभे राहते, चौथ्याच्या सुमारास त्या पायावर उड्या मारू लागते, पाचव्या वर्षी दहा सेकंदांपर्यंत तग धरते. मुलामुलांत फरक बराच असतो.

मोकळ्यावरील हालचाल : परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात शेतकरी घरातल्या मुलाला पहिली कसरत घडते ती बांधावर, तिकडच्या बोलीत धुऱ्यावर. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात तळव्यांना गोळ्यागोळ्यांनी चिकटते. दोन्ही पाय सारखे जड राहत नाहीत, त्यामुळे मुलाला पावलागणिक अंग नव्याने सावरावे लागते. सपाट केलेल्या मैदानावर हा सराव मिळत नाही. म्हणून अंगणवाडीपुढची जागा पूर्ण फरशीने झाकू नये; थोडा चढ, थोडी माती राखावी.

लंगडी हा तोलाचा सर्वांत कसदार देशी खेळ. एक पाय मागे दुमडलेला, हात पंखांसारखे पसरलेले, टेकलेल्या पायाचा अंगठा जमिनीत रुतवलेला. चार वर्षांखालील मूल दुसऱ्याच उडीला पाय टेकते. ते बाद धरू नये. आधी त्याचा हात धरावा, मग नुसते बोट. नागपंचमीच्या झोक्याने अंतर्कर्णातील द्रव हलतो, तोलाच्या जाणिवेला तेही खाद्यच. तळ्यात-मळ्यात, लिंबू-चमचा हेही उपयोगी.

घरातील हालचाल : पावसाची झड लागली किंवा वैशाखातले ऊन तापले की मुले आत कोंडली जातात. या दिवसांसाठी मारिया माँटेसोरी यांचे रेषेवरून चालणे सर्वांत सोयीचे. जमिनीवर खडूने मोठे लंबवर्तुळ आखतात. मूल टाचेला अंगठा लावत त्यावरून चालते. ते जमले की हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला देतात, पुढे घंटा. पाणी सांडायचे नाही, घंटा वाजू द्यायची नाही. तेव्हा वर्गात जी शांतता पसरते, ती कोणी दटावून आणलेली नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला माँटेसोरी पद्धत गावातल्या, स्वस्त साहित्यावर उतरवली. अंगणवाडी ही कल्पनाही त्याच कामातली. अंगणवाड्या चालवणारी सरकारी एकात्मिक बालविकास सेवा योजना मात्र २ ऑक्टोबर १९७५ ची.

साहित्य : विटा, फळी, दोरी, जुने टायर.

कालावधी : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी किमान १८० मिनिटे हालचाल हवी, त्यांतील ६० मिनिटे दमवणारी.

तोलाच्या सरावाने वाचन-लेखन सुधारते, असाही दावा केला जातो; त्याबाबत एकमत नाही.

वारंवार पडणारे किंवा पाच वर्षांनंतरही जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवणारे मूल तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. सेविकेने आपली निरीक्षणे तेव्हा सांगावीत.