दोन गुंठ्यांचं भांडण आणि एकर



मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाशी दोन गुंठ्यांवरून वाजलं. माझं रान चार एकर, म्हणजे १६० गुंठे. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर. दादा म्हणाला, "हे तर १६२ झाले. वरचे दोन गुंठे माझ्या बांधातले." बोलणंच बंद झालं. मग हा एकर आला कुठून, तेच शोधत बसलो.

एकर हा इंग्रजी शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसतं शेत. ॲग्रिकल्चरमधला लॅटिन 'आगेर' आणि ऋग्वेदातला 'अज्र' हे त्याचेच भाऊबंद. पुढे इंग्लंडात बैलांचा एक नांगर दिवसभरात जेवढं रान नांगरील, तेवढा एकर धरू लागले. म्हणजे मूळचं हे कामाचं माप. भारी रानात लहान, हलक्या रानात मोठं. आपल्याकडं 'दोन औतांचं रान' म्हणायचे, त्यातलाच प्रकार.

बैल सारखे वळवणं जिकिरीचं, म्हणून तास लांब काढायचे. फर्लांग या शब्दाचा अर्थच लांब तास. तो ६६० फूट धरला. सुमारे १३०० साली तिथल्या कायद्यानं एकर पक्का केला: ६६० फूट लांब, ६६ फूट रुंद. १६२० च्या सुमारास एडमंड गंटरनं ६६ फुटी साखळी काढली. एक साखळी रुंद, दहा साखळ्या लांब, झाला एकर. ४३,५६० चौरस फूट.

आपल्याकडं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून इंग्रजांची नवी मोजणी सुरू झाली, तिच्यात हाच एकर. इथं साखळी निम्मी, ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर.

आर मात्र फ्रान्सच्या मेट्रिक पद्धतीतला. १० बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा भरतो १०१.१७ चौरस मीटर. म्हणून १६२ आर म्हणजे १६० गुंठेच!

दादाला वहीवर मांडून दाखवलं. त्यानं दोनदा आकडे तपासले नि म्हणाला, "मग बांध हाय तिथंच राहू दे. चहा टाक."

मंडळी, आर आणि गुंठा एकच समजू नका. खताची शिफारस हेक्टरी असेल तर एकरासाठी २.४७ नं भागा. भांडायच्या आधी माप कोणतं ते बघा.