गाडी कोणाची? जव्हार–मोखाड्यातील जुन्या जीपगाड्यांच्या व्यापाराचा इतिहास

१/ जुन्या गाडीच्या व्यवहारात किमतीच्या आधी दोन प्रश्न विचारले जातात. ‘पासिंग कुठलं?’ आणि ‘कागद कोणाच्या नावावर?’ जव्हार–मोखाड्याच्या डोंगरात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा लांबलचक असते. ताबा एकाचा आणि नोंदणी दुसऱ्याची, ही या धंद्याची जुनी रीत आहे. ती कशी पडली आणि तिची किंमत कोण मोजतो, याविषयीचा हा धागा. 🧵

२/ आधी भूगोल. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा भाग. उत्तरेला १९५४ पर्यंत पोर्तुगीजांचे दादरा–नगर हवेली. म्हणजे एकाच डोंगराळ मुलखात तीन राजवटी. १९४८ मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी दोन्ही तालुके ठाण्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेले. रेल्वे या भागात आजही नाही. कसारा, इगतपुरी, नाशिक किंवा डहाणू गाठायचे तर रस्ता हाच मार्ग.

३/ संस्थान विलीन होण्याच्या बेतात असताना मुंबईत एक वेगळी घटना घडत होती. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली होती. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीच्या नावातून ‘महंमद’ गेले. याच कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपचे सुटे भाग मागवून ७५ गाड्या जोडल्या. युद्धासाठी घडलेले हे वाहन उंच, उघडे, चारही चाकांना जोर देणारे आणि हातोडी-पान्याने दुरुस्त होणारे होते. घाटातल्या कच्च्या रस्त्याला आणखी काय हवे?

४/ ग्रामीण भागात जीप प्रथम आली ती मुख्यतः सरकारची म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यातल्या सरकारचे दृश्य रूप ठरले. वनखाते, पाटबंधारे, आरोग्य या खात्यांकडेही जीपच होती. सरकारी गाडीचे आयुष्य संपले की तिचे ‘निर्लेखन’ होते, मग लिलाव. जुन्या जीपच्या बाजाराचा पहिला झरा तो. साहेबाची गाडी लिलावातून गॅरेजात आणि गॅरेजातून प्रवासी वाहतुकीत, हा तिचा नेहमीचा उतरता प्रवास.

५/ दुसरा झरा टंचाईचा. नव्या मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९५९ च्या मोटारगाड्यांच्या वितरण व विक्री नियंत्रण आदेशाने तर नवी गाडी घेणाऱ्याला ती दोन वर्षे परवानगीवाचून विकण्यास मनाई केली. कारण उघड होते. नव्या गाडीची किंमत सरकारी नियंत्रणाखाली, वापरलेलीची बाजाराच्या हाती. परिणामी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट एकदा वापरली की कोऱ्या गाडीपेक्षा महाग होई.

६/ अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात न बसणारी ही स्थिती भारतीयांनी दोन-अडीच दशके अंगवळणी पाडून घेतली. गाडी मोडीत काढणे हा विचारच कोणाला परवडत नसे. इंजिन बदला, पेट्रोलचे काढून डिझेलचे बसवा, पत्रा नवा ठोका, भाग चोरबाजारातून किंवा कुर्ल्याच्या गॅरेजांतून आणा. यातून एक कागदी घोटाळा जन्मला, तो धंद्याला कायमचा चिकटला. गाडीचे इंजिन एक, नोंदणी पुस्तकातला इंजिन क्रमांक दुसरा. म्हणूनच जाणता गिऱ्हाईक आजही चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासतो आणि उमटलेली छाप पुस्तकाशी ताडून पाहतो.

७/ १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ग्राहकाच्या हाती पडली, १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला आणि शहरांत जुनी गाडी स्वस्त होऊ लागली. मारुतीने २००१ मध्ये वापरलेल्या गाड्यांची स्वतःची दुकाने काढली. काचेच्या भिंती, तपासणीचे प्रमाणपत्र वगैरे. हा इतिहास बऱ्याच ठिकाणी लिहिलेला सापडतो. डोंगरात तो पोहोचला तो निराळ्या वेशात.

८/ कारण डोंगरात जुनी गाडी घेतली जाई ती बहुधा माणसे वाहण्यासाठी. प्रवासी वाहतुकीचा अधिकार एसटीचा. तिचे आगार जव्हारला. पण मुख्य रस्ता सोडून आत वसलेल्या पाड्यांपर्यंत एसटी दिवसातून एक-दोनदा पोहोचली तर पोहोचली. मधली पोकळी जीपने भरली. कमांडर, मॅक्स, पुढे बोलेरो आणि इको. सरकारी कागदांत हिचे नाव ‘अवैध प्रवासी वाहतूक’. बाजार, शाळा, दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेली कुटुंबे, बाळंतीण, ताप चढलेले मूल, सगळे याच अवैध गाडीत.

९/ १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर या भागातील आरोग्यकेंद्रे आणि रस्ते हा राज्यापुढचा प्रश्न झाला. रुग्णाला जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयापर्यंत कोण नेणार, या साध्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कोणाची तरी तिसऱ्या-चौथ्या हातातली जीप हेच राहिले. या व्यापाराकडे केवळ दलालीचा धंदा म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते.

१०/ २००० साली नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो बाहेर पडू लागली. त्र्यंबकचा घाट उतरला की मोखाडा. तेव्हा नाशिक पासिंगची जुनी गाडी हा या भागाचा स्वाभाविक माल. दुसरी वाट ठाणे-मुंबईची. (वैतरणेचे पाणी इथून मुंबईला जाते आणि मुंबईने वापरून टाकलेल्या गाड्या इकडे चढतात, या देवघेवीचा हिशोब कोणी मांडलेला नाही.) तिसरी वाट सिल्वासा-वलसाडची. पोर्तुगीज गेले, जकातनाका गेला, तरी मोटारीपुरती सीमा उरली. परराज्यातली गाडी आणायची तर मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधील ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्राचा कर, दोन्ही हवेत.

११/ आता खुद्द विक्रेता. तालुक्याच्या गावातला जुन्या गाड्यांचा छोटा विक्रेता म्हणजे बहुधा मूळचा मेकॅनिक, चालक किंवा आरटीओची कामे करणारा एजंट. दुकान म्हणजे गॅरेजापुढची मोकळी जागा, माल दोन-चार गाड्या. भांडवल त्याच गाड्यांत अडकलेले. विसारपावती करून गाडी आणायची, टायर आणि बॅटरी पाहायची, डेंटिंग-पेंटिंग करायचे, आधीच्या कर्जाचा बोजा उतरवून घ्यायचा, विमा काढायचा. जव्हारच्या पावसात एक चौमासा गाडी उभी राहिली की पत्रा खालून सडतो. नफा टिकवायचा तर मृगाआधी गाडी हलली पाहिजे.

१२/ आणि इथेच कागदाची गोष्ट सुरू होते. विकत घेतलेली गाडी विक्रेत्याने आधी स्वतःच्या नावावर करणे हा सरळ मार्ग. पण त्यात शुल्क जाते आणि दिवस जातात. परिवहन कार्यालय पूर्वी ठाण्याला, आता वसईचे, म्हणजे जव्हारपासून जवळपास शंभर किलोमीटर. शिवाय पुस्तकात एक मालक वाढला की गाडीचा भाव उतरतो. मग पहिल्या मालकाच्या सह्या कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, घेऊन ठेवायच्या आणि गिऱ्हाईक मिळाले की नाव भरायचे. गिऱ्हाईकानेही नाव न भरता तेच फॉर्म पुढच्याला दिले, तर गाडी चार हात फिरते आणि पुस्तकात पहिलाच मालक राहतो. यात लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा ती फक्त काटकसर असते.

१३/ जुन्या गाडीच्या बाजाराने अर्थशास्त्राला एक महत्त्वाचा सिद्धान्त दिला आहे. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले, की गाडीचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर पडतो आणि रद्दी उरते. या कामासाठी त्यांना २००१ चे नोबेल विभागून मिळाले. निबंध छापून येण्याआधी १९६७-६८ मध्ये ते दिल्लीत राहिले होते, आणि त्यात गावच्या सावकाराचे व्याज आणि बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे, दोन्ही येतात. खडे निवडणारी गृहिणी आणि पेन्सिल घासणारा गिऱ्हाईक एकाच प्रश्नाशी झुंजत असतात.

१४/ पण अॅकरलॉफची अडचण गाडीच्या गुणाची. भारतात त्यावर आणखी एक थर आहे: गाडी चांगली असो वा वाईट, ती आहे कोणाची? १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की जंगम वस्तूची मालकी उभयतांच्या इराद्याप्रमाणे बदलते. पैसे दिले, किल्ली घेतली, व्यवहार पुरा. गावातली समजूतही हीच.

१५/ १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत नोंदणीतील नावाचा उल्लेखच नव्हता. भाडेखरेदीच्या गाडीत तर ज्याच्या ताब्यात गाडी, तोच मालक. १ जुलै १९८९ पासून १९८८ चा कायदा लागू झाला आणि व्याख्या उलटली. ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची खबर चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यावी, असे कलम ५० म्हणते. ताब्याकडून कागदाकडे झालेला हा बदल फार मोठा होता. गॅरेजापुढच्या मोकळ्या जागेत तो कोणाच्या लक्षातही आला नसावा.

१६/ त्याचा पूर्ण अर्थ ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट झाला. सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरणात एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली होती. ती पुढे हातोहात गेली आणि २००९ मध्ये तिच्या अपघातात एक जीव गेला. उच्च न्यायालयाने भरपाईचा भार शेवटच्या ताबेदारावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. नोंदणीत नाव कायम असलेला माणूसच कायद्याने मालक आणि भरपाईस जबाबदार. अपघातग्रस्ताने हस्तांतरांची साखळी शोधत फिरावे अशी अपेक्षा करता येणार नाही, हे त्यामागचे कारण.

१७/ हा निकाल घाटात नेऊन पाहावा. खासगी नोंदणीची जुनी जीप, पैसे देऊन बसलेले प्रवासी, दरीच्या कडेचे वळण. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो अशी तरतूद कलम १५७ मध्ये आहे. पण खासगी गाडीत भाड्याने माणसे बसवली की विमा कंपनी हात झटकू पाहते, आणि मालवाहू टेम्पोत फुकट बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच ठरवले. मग नोटीस जाते ती नाशिकच्या एखाद्या निवृत्त कारकुनाला, ज्याने ती गाडी दहा वर्षांत पाहिलेली नाही. आणि पाड्यावरचे कुटुंब, ज्याचा कमावता माणूस गेला, ते दाव्यासाठी तारखा मोजत बसते. कोऱ्या फॉर्मवरच्या काटकसरीचे बिल शेवटी इथे येते.

१८/ मधल्या दलालाला कायद्याने फार उशिरा ओळखले. भाडेखरेदीचा कायदा संसदेने १९७२ मध्ये संमत केला, तो कधी अमलातच आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याची तर १ एप्रिल २०२३ पर्यंत केंद्रीय नियमांत जागाच नव्हती. त्या दिवसापासून नवे नियम, ५५अ ते ५५ह, लागू झाले. विक्रेत्याने पाच वर्षांचे प्राधिकारपत्र घ्यावे, गाडी त्याच्याकडे आल्याची खबर नमुना २९सी मध्ये जावी, आणि त्या क्षणापासून गाडी विकली जाईपर्यंत तोच मालक मानला जावा. पहिला मालक सुटला, साखळीतली रिकामी कडी भरली. नियम चांगला आहे. मात्र त्यामागे संगणक, नियमित हिशोब आणि कार्यालय असलेला व्यापारी गृहीत धरला आहे. दोन गाड्यांवर घर चालवणाऱ्याचा त्यात विचार दिसत नाही.

१९/ त्याच सुमारास इतर दारेही बदलली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टात येते आणि त्या भंगारात जातात; लिलावाचा तो जुना झरा त्या वयापुरता आटला. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जानेवारी २०२५ पासून खरेदी-विक्रीतील फरकावर सरसकट १८ टक्के कर. खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० रुपयांवरून ५,००० झाले होतेच.

२०/ या नूतनीकरणानेच आता जुन्या कोऱ्या फॉर्मांची गाठ पडते आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. २०१० मध्ये नाशिकला नोंदलेल्या बोलेरोची मुदत २०२५ मध्ये संपली. पुढची पाच वर्षे हवी असतील तर अर्ज नोंदणीकृत मालकाचा लागतो. आणि मोखाड्यातल्या चौथ्या मालकाला पंधरा वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर, नाशिकच्या कुठल्या तरी कॉलनीत, पहिल्या मालकाचे दार शोधत जावे लागते.